सहा पिढ्यांच्या थाटाची हकिकत

श्री कुलस्वामिनीस दंडवत. लेखणी खोट्याकडे वळू नये, आणि खरे लिहिता कोणाची मर्जी खप्पा होऊ नये, इतुकेच मागणे मागून आरंभ केला असे.

शके सोळाशे अठरा, धातृनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध दशमीचे दिवशी एका राज्यात मोठे वर्तमान जाहले. राज्याचे नाव कोणी पुसू नये. नाव सांगितले की वंशज भांडायला येतात. त्या राज्यात थाटनवीस म्हणोन एक हुद्दा होता. महाराजांचे वैभव किती, कसे आणि कोणत्या क्रमाने मिरवावे, हे त्याने पाहावे. त्या जागी नागोपंत म्हणोन साठीचे गृहस्थ होते. अंगाने काटकुळे, आवाज मात्र देवळाबाहेर जाईल ऐसा, आणि हुद्दा सहा पिढ्यांचा, सबब मान सदा ताठ.

आता वैभव म्हणजे काय, हे त्या राज्यात दर पिढीस बदलत गेले. मूळपुरुष घोंगडीवर बसत आणि दारी किती पाने उठली एवढेच पुसत, शंभर उठली की म्हणत, "आज आम्ही राजे." त्यांचे चिरंजीवांस हे हलके वाटो लागले. "जेवू तर मठातही घालतात," ऐसे बोलून त्यांनी अकरा हत्ती आणविले, आणि मग हत्तींनी राजधानीभोवतीचा ऊस दोन वर्षांत फस्त केला, आणि लोक म्हणो लागले, "वा, काय हे वैभव! गूळ म्हणोन कुठे मिळत नाही." तिसऱ्यांचे मते वैभव उंचीत. त्यांनी सातमजली महाल बांधिला, आणि मग गुडघे धरले तेव्हा तळमजल्यास राहू लागले, परंतु सातव्या मजल्यावरून रयतेस दर्शन देणे सोडिले नाही. चौथ्यांनी वस्त्रात वैभव पाहिले. अंगरख्यास सोन्याची जर इतकी की तो घालून बसता येईना, चौघांनी धरून उभे करावे. पाचवे म्हणाले, "वस्त्र कोणीही शिवील, नाव मोठे पाहिजे," आणि तीनशे बारा बिरुदे जोडिली. ललकारणारे चोपदार पाच, एकाचा घसा बसला की दुसऱ्याने उचलावे. बरे, नवे आले म्हणोन जुने टाकावे, तर पूर्वजांचा अपमान! सबब कोणी काही टाकिले नाही. सहाव्या महाराजांचे वेळेस ऐसे जाहले की खासा स्वारी बाहेर निघायची म्हणजे आधी सातवा मजला चढणे, मग उतरणे, मग अंगरखा, मग हत्तींची रांग, आणि मग तीनशे बारा बिरुदे; सूर्योदयी आरंभ केला तर महाराज दोन प्रहरी दारात. मूळपुरुषांची पंगत मात्र वेळ पुरेना म्हणोन एका पानावर आली, आणि त्या पानावर एकच गृहस्थ वर्षानुवर्षे जेवून चांगले गुबगुबीत जाहले. सहाव्यांनी आपले नवे काही घातले नाही, कारण काही सुचायला त्यांस फुरसतच नव्हती.

ऐशात युवराज जत्रेस गेले, तेथे घाटावरल्या राजांची कन्या मंजुळाबाई दृष्टीस पडली, आणि मग युवराजांचे जेवणातले लक्ष उडाले. तिकडे मंजुळाबाईंचेही तेच, ऐसे वर्तमान आले. राणीसाहेबांनी बोलणे लाविले. घाटावरल्या राजांनी कळविले, "दशमीस दोन प्रहरी येऊन घर पाहू, मग शब्द देऊ." तेव्हा महाराजांनी नागोपंतांस बोलावून आज्ञा केली, "पंत, सोयरीक जमली तर थाटनविशी तुमच्या वंशात चालेल. व्याह्यांस काही उणे दिसले आणि बिनसले, तर तुम्ही घरी बसा." नागोपंतांचे धाबे दणाणले. घरी येऊन त्यांनी कुटुंबास सांगितले, तो चिमाबाई कपाळास हात लावून म्हणाल्या, "अगबाई! तुम्ही घरी बसला तर माझे कसे व्हायचे? उठल्यासुटल्या मला रांगेत उभी कराल!"

दशमी उजाडली. नागोपंत सूर्योदयीच देवडीवर उभे राहून तोरणे बांधवीत होते, आत महाराजांचा सातवा मजला चालू होता, इतक्यात पन्नाशीचा एक गृहस्थ, साधे धोतर, खांद्यावर उपरणे, एकटाच घोड्यावरून आला. हेच घाटावरले राजे. वाचणाऱ्यांस घोटाळा नको म्हणोन सांगितले. नागोपंतांस ते ठाऊक नव्हते. त्यांस वाटले, व्याह्यांनी पुढे धाडलेला जासूद. "आलात? बरे झाले," ते म्हणाले, "राजे दोन प्रहरीच येतात ना? लवकर येऊन माझी फजिती करू नका म्हणावे." राजे म्हणाले, "नाही करणार." "मग रिकामे का उभे? हे तोरणाचे टोक धरा. वर धरा. अहो, अजून वर! जेवून निघाला नाहीत काय?" राजांनी मुकाट्याने टोक धरिले, आणि खरे सांगायचे तर त्यांस मोठी मौज वाटली, कारण वीस वर्षांत त्यांच्यावर कोणी डाफरले नव्हते.

मग बोलणे निघाले. नागोपंतांनी पुसले, "तुमच्याकडे थाट कसा असतो?" राजे म्हणाले, "आजोबांचे वेळेस सोन्यात होता, वडिलांचे वेळेस गाण्यात. हल्ली साधेपणा चालतो. आमचे राजे साधे राहतात, हेच वैभव. त्यास चाळीस माणसे लागतात. साधे धोतर धुणारे चौघे, साधे पाणी दोन कोसांवरून आणणारे सहा, आणि राजे किती साधे हे सांगत हिंडणारे तीस." "शाबास! चांगली युक्ती आहे," नागोपंत म्हणाले, "कुठे आहेत ती माणसे?" "घाटात मागे राहिली. फार बरे वाटते आहे," ऐसे बोलून राजे हसले, आणि मग म्हणाले, "पंत, एक विचारू? मंजुळा इथे नांदायला येईल. परके घर. कधी काही दुखले-खुपले, मन घाबरे झाले, आणि तिने सासऱ्यांस हाक मारली, तर महाराज किती वेळात येतील?"

नागोपंतांनी छाती काढिली. "उठून पळत सुटणारे आमचे महाराज नव्हेत! सकाळी हाक मारली तर दोन प्रहरी हजर. सणाचा दिवस असला तर दिवेलागणीस. तीनशे बारा बिरुदे आहेत, एक गाळत नाही मी!" हे ऐकून राजांनी तोरणाचे टोक खाली ठेविले. त्यांचा चेहरा उतरला. "मग राहू द्या," ते म्हणाले, "तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून तिने हाक मारली की मी हातातला घास टाकून उठतो. ऐशा घरी नाही देणार मी तिला. महाराजांस सांगा, व्याही आला होता आणि गेला." ऐसे बोलून ते घोड्याकडे वळले.

नागोपंतांस आता उमगले की आपण कोणास तोरण धरायला लाविले. हुद्दा गेला, सोयरीक गेली, युवराज उपाशी, आणि सगळे आपल्याच तोंडाने! त्यांस रडू कोसळले. लगाम धरून म्हणाले, "महाराज, आमचे महाराज तसे नाहीत हो! मीच त्यांना तसे केले आहे. एवढा आत जाऊन येतो, तोवर थांबा." राजे म्हणाले, "किती वेळ?" "घोड्याचा तंग आवळा, तेवढाच!" आणि मग साठीचे नागोपंत धोतराचा सोगा हाती धरून जे पळाले, ते वाटेत दोन चोपदारांस आडवे करूनच थांबले.

आत महाराज सातव्या मजल्यावरून उतरून धापा टाकीत होते. चौघांनी अंगरखा धरिला होता, एक हात बाहीत गेला होता, आणि बिरुदांची तालीम नवव्यावर आली होती. नागोपंत ओरडले, "बस!" चोपदाराचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. "सरकार, व्याही दारात आहेत. परत निघाले आहेत." महाराज गोंधळले. "मग अंगरखा?" "राहू द्या." "हत्ती? बिरुदे?" "तीही राहू द्या." तेव्हा महाराज हळूच म्हणाले, "पंत, चालेल?" नागोपंतांनी अंगरखा धरणाऱ्या चौघांस मागे सारिले. चाळीस वर्षे या माणसास सजविले, परंतु जड होते का म्हणोन एकदा पुसले नाही. "चालेल, सरकार. पळा!"

आणि महाराज पळाले. डोईस पागोटे नाही, टक्कल उन्हात चमकते आहे, पाय अनवाणी, एका बाहीमागे अंगरखा फरफटतो आहे, आणि जर टरटर उसवते आहे. घाटावरल्या राजांचा एक पाय रिकिबीत गेलाच होता, तो महाराज देवडीतून ओरडले, "अहो व्याही! न जेवता कुठे निघालात?" राजांनी मागे पाहिले, आणि पाय काढून घेतला, आणि मग दोघे भर चौकात कडकडून भेटले. महाराजांस धाप लागली होती, तरी हसू आवरेना. लोक आधी चपापले, मग म्हणाले, "आज महाराज नीट दिसले बुवा."

वैशाखात लग्न जाहले. नागोपंत हात जोडून म्हणाले, "सरकार, मी क्रम मोडिला, घरी बसतो." महाराज म्हणाले, "खबरदार! आमचा थाट आजपासून निराळा. हाक आली की आम्ही किती लवकर पोचतो, तेवढे तुम्ही पाहायचे." लग्नानंतर चौथे दिवशी सकाळी मंजुळाबाईंनी परसातून हाक मारिली, "मामंजी!" महाराज दात घाशीत होते, तैसेच राखुंडीच्या तोंडाने धावले, आणि मागे नागोपंत. "काय झाले, बाळ?" सूनबाई लाजून म्हणाल्या, "काही नाही. खरेच येता का, ते पाहिले." महाराज म्हणाले, "मग पुन्हा मार हाक. या वेळेस याहून लवकर येतो."

ऐसे त्या राज्यातले वैभव. पुढल्या पिढीचे राजे ते कशात मानतील, हे त्यांचे त्यांस ठाऊक. लिहिणारास भूक लागली आहे, सबब येथे पुरे केले असे.