ज्याला मागणी, ते टिकेल!

माझ्या हातून कोणतेही काम उशिरा, अर्धवट किंवा क्रम सोडून झाले, असे म्हणणारा मनुष्य अद्याप जन्माला यायचा आहे! तंत्रनिकेतनातून बाहेर पडलो तो थेट यंत्रशाळेत निरीक्षक म्हणून रुजू झालो, आणि निवृत्त होताना माझ्या टेबलावर एकही कागद शिल्लक नव्हता. तेव्हा आमच्या कुटुंबाचा क्लाउडवरचा संग्रह हलवण्याची वेळ आली, त्या वेळी हे काम बिनबोभाट पार पडणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका आल्या त्या नातेवाइकांच्या मनात. आणि त्या तिथे मीच स्वहस्ते पेरल्या!

प्रथम ती व्यवस्था काय होती ते सांगतो. फोटो, चित्रफिती, जुनी ध्वनिमुद्रणे असा घराचा सारा ऐवज मी एका कंपनीच्या ‘अर्काइव्ह’ सेवेत ठेवला होता. ही साठवण म्हणजे शीतगृहच समजा. ठेवायला सोपे, काढायला अवघड! एखादी वस्तू हवी असेल तर मागणी नोंदवायची, ती मागणी रांगेत उभी राहणार, आणि काही तासांनी ती वस्तू बर्फातून उकरून काढल्यासारखी आमच्या घरच्या हार्डडिस्कवर उतरणार. एकदा नोंदवलेली मागणी मागे घेता येत नाही. बंदुकीच्या गोळीसारखेच, फरक इतकाच, की गोळी वेळेवर पोहोचते.

शिवाय मी ‘ऑडिट लॉग’ सुरू करून ठेवला होता. म्हणजे कोणी, काय, केव्हा मागितले याची आपोआप होणारी नोंद. ती कोणालाही खोडता येत नाही, मलाही नाही. कुटुंबातल्या कोणाचे अधिकार काढून घ्यायचे, तर आणखी दोघांची संमती लागेल, असा नियमही मीच घातला होता. माझ्यावरही अंकुश हवा ना! यंत्रशाळेच्या कोठाराला दोन कुलपे असत आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे असत. मात्र ती दोन माणसे एकमेकांची नातेवाईक नव्हती, हा बारकावा माझ्या लक्षात आला नाही.

एके दिवशी कंपनीचे पत्र आले. ही सेवा महिनाअखेरीस सायंकाळी कायमची निवृत्त होत आहे. तोवर जे काढले नाही ते पुसले जाईल. पत्राची भाषा इतकी गोड, की वाचून त्यांना निरोपाचा हार घालावासा वाटावा!

मी मुळीच घाबरलो नाही. योजना आखली. लॉग पाहून ज्या वस्तूंना आजवर जास्त मागणी आली त्या आधी उतरवायच्या, बाकीच्या मागाहून. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तसे रीतसर कळवले, आणि कामात पारदर्शकता असावी म्हणून कोणाच्या वस्तूला किती मागणी, याचा तक्ताही जोडला. शेवटी लिहिले, ‘मागणी नसलेल्या वस्तू वेळ उरल्यास नेल्या जातील.’

हे वाक्य मी निव्वळ तांत्रिक अर्थाने लिहिले होते. वाचणाऱ्यांनी ते मृत्युपत्रासारखे वाचले!

पहिला फोन धाकट्या भावाचा. तो दातांचा डॉक्टर. समोरच्या माणसाने उलट उत्तर द्यायचे नसते, ही सवय त्याला धंद्यातूनच लागलेली.

“दादा, माझ्या भाषणापुढे शून्य?”

“कुठलं भाषण रे?”

“कुठलं म्हणजे? ‘दाढ आणि आपण’! अधिवेशनातलं! सगळं सभागृह उठून उभं राहिलं होतं!”

“अरे, तेव्हा जेवायची वेळ झाली होती.”

फोन बंद झाला.

पाठोपाठ जावईबापू. कॉलेजात असताना त्यांचा गाण्याबजावण्याचा एक बँड होता. तो श्रोत्यांच्या दयेने लवकर बंद पडला.

“बाबा, आमच्या बँडला फक्त एक मागणी दिसतेय. कोणी ऐकलं असेल हो?”

“मीच. फाइल खराब झालीय का ते बघत होतो.”

“मग? खराब होती?”

“फाइल चांगली होती.”

यावर त्यांनी काय अर्थ काढायचा तो काढला. तिसरा फोन मेहुणीचा. आमच्या हिची धाकटी बहीण, शाळेत शिकवते. एका नाटकात ती राणी झाली होती आणि अजून पुरती उतरलेली नाही.

“भाऊजी, राणीला तुम्ही ‘वेळ उरल्यास’मध्ये टाकलंत?”

“तक्ता लॉगवरून आहे गं, माझ्या मनचा नाही.”

“असं होय! मग लॉगलाच दाखवते!”

आणि तिने दाखवले. सर्वांनीच दाखवले! दुपारपर्यंत ‘दाढ आणि आपण’ची मागणी एवढ्या वेळा नोंदवली गेली होती, की जणू सगळ्या गावाची दाढ एकदम ठणकू लागली होती. बँडच्या मागण्या त्याखालोखाल, राणीच्या त्याहून वरचढ. वर्षानुवर्षे जिच्यात दोन माणसे एकत्र उभी राहिली नाहीत, ती रांग आता शेपूट कुठे हे शोधावे लागेल इतकी लांबली. मागणी मागे घेता येत नसल्याने हार्डडिस्कवर एकामागून एक दाढा उतरत होत्या.

याच वेळी आमची ही शिवणयंत्रापाशी कापड कातरत बसली होती. मान वर न करता तिने विचारले, “अहो, आईची टेप उतरली का?”

माझ्या तोंडचे पाणी पळाले!

तिच्या आईने तिला शिवण शिकवताना मुद्रित झालेली ती टेप. मी ती संगणकावर घेत असतानाच फीत तुटली. तेव्हा उरली ती संग्रहातली एवढीच प्रत. सासूबाईंचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि हिने ती एकदाही मागितली नव्हती. “आत्ता नको, मला ऐकवणार नाही,” असे म्हणून ठेवून दिलेली. त्यामुळे लॉगमध्ये शून्य. माझ्या तक्त्यात अगदी तळाशी!

“उतरेल हं,” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणालात सगळं नेणार, म्हणून मी काही बटणं दाबली नाहीत. तुमच्या कामात कधी काही राहून जात नाही.”

शिव्या परवडल्या, पण हा विश्वास नको! मी धावत जाऊन टेपची मागणी नोंदवली. रांगेच्या वेगाने गणित मांडले. उत्तर आले ते सेवा बंद झाल्यानंतरच्या सकाळचे. पुन्हा मांडले. गणित माझे असल्याने पुन्हा तेच आले.

मी भावाला फोन केला. “तुझं भाषण उतरलंय. ढिगाने प्रती आहेत. आता थांब, बाबा!”

“का? थांबलो की माझा आकडा खाली येणार, तेच हवंय ना तुला?”

“अरे, तो नियम रद्द केलाय!”

“रद्द केलास म्हणजे नक्की दुसरा काहीतरी केलायस.”

जावईबापूंना विनवले. ते म्हणाले, “बाबा, काकांनी थांबवलं की मी थांबवतो.” काका म्हणाले, राणी थांबू दे. राणीने फोनच उचलला नाही. सर्वांचे अधिकार काढावेत म्हणावे, तर दोघांची संमती हवी! ती मागायची कोणाकडे? याच तिघांकडे! माझी कुलपे इतकी पक्की होती, की मीच बाहेर राहिलो. पलीकडच्या खोलीत शिवणयंत्राची टकटक सुरू असली की जीव टांगणीला, आणि थांबली की त्याहून टांगणीला. ही आता उठून विचारायला येते की काय!

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी कंपनीचे आणखी एक गोड पत्र आले. रांगा फार वाढल्यामुळे उद्या सकाळी त्या सर्व रिकाम्या करण्यात येतील. ज्यांना हवे त्यांनी नव्याने मागणी नोंदवावी.

संधी होती! पण माझी मंडळी पहाटेपासून दबा धरून बसणार, हे उघड होते. तेव्हा मी जन्मात केले नव्हते ते केले. ग्रुपवर खोटे लिहिले: ‘सुधारित नियम. जागेच्या टंचाईमुळे ज्या वस्तूला सर्वाधिक मागणी असेल, ती सर्वात आधी पुसली जाईल.’

माझी खरी वाक्ये ज्यांना खोटी वाटली, त्यांनी हे एकमेव खोटे वाक्य क्षणात खरे मानले! ग्रुप स्मशानासारखा शांत झाला. सकाळी मी चष्मा पुसून संगणकापुढे बसलो. रांग रिकामी! आता एवढेच करायचे, की टेपची मागणी नोंदवायची. पण पद्धत ती पद्धत. रांग रिकामी असल्याचा पुरावा म्हणून आधी पडद्याचे चित्र काढून ठेवले. त्यावर तारीख घातली. त्याला नाव दिले. मग वळून पाहतो तो रांग भरलेली!

आपली वस्तू पुसली जाऊ नये म्हणून गप्प बसणे एवढ्यावर आमचे कुटुंब थांबणारे नव्हते. इतरांची पुसली जावी म्हणून ते एकमेकांच्या वस्तू मागू लागले होते! जावईबापूंनी दाढेची मागणी लावली. भावाने बँड आणि राणी दोन्ही लावली. कधीतरी दोन्ही सोसावी लागली होती, त्याचा हिशेब. माझी टेपची मागणी पुन्हा तळाशी. पडद्यावर रांगेचे फक्त शेपूट दिसते आणि लॉगमध्ये नोंदी उमटायला अंमळ वेळ लागतो, त्यामुळे रांगेच्या डोक्याला काय आहे ते अजून दिसतही नव्हते. दिसून तरी काय उपयोग होता? सायंकाळी दार बंद व्हायचे ते होणारच होते.

मी उठलो आणि हिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“अगं, टेप बहुधा येणार नाही.”

तिने यंत्र थांबवले. कात्री खाली ठेवली.

दुपार अशीच गेली. मी संगणकापुढे, ती यंत्रापुढे, दोघेही हात बांधून. इतक्यात टिंग! एक फाइल उतरली. ‘सासूबाई, शिवण.’ मला भास वाटला. पुन्हा टिंग! तीच फाइल. पुन्हा टिंग! घाईने लॉग उघडला. सकाळी रांगेच्या अगदी डोक्याला ओळीने टेपच टेप उभी होती, आणि प्रत्येक मागणीपुढे मेहुणीची सही!

क्षणात उलगडा झाला. “आईनं शिवण शिकवलं ते ताईला, मला नाही,” हे तिचे लग्नाआधीपासूनचे दुखणे. जास्त मागितले की पुसले जाईल, म्हणून तिने मन लावून मागितले होते.

ही धावत आली. “कोणी काढली हो?”

“तुझ्या बहिणीनं,” मी म्हणालो. हे सत्यच होते.

तिने डोळे पुसत फोन लावला. “अगं, तूच काढलीस गं आईला! तुझ्याच लक्षात राहिलं!”

पलीकडून चाचरत आवाज आला, “हो… म्हणजे… म्हटलं, राहून जायला नको. भाऊजी आहेत का तिथे?”

“आहेत ना. ऐकतायत.”

“काही म्हणाले?”

“काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली. लॉग खोडता येत नसला, तरी वाचून दाखवण्याचे बंधन नाही.

फोन चालू ठेवूनच टेप लावली. यंत्राची घरघर, आणि सासूबाई: “पाय हळू गं. पळवलंस की कापड वाकडं जातं.” मग एक बारीक, रडवेला आवाज, जो कोणाच्याच आठवणीत नव्हता: “आणि मी कधी?” “तुझे पाय कुठे पुरतायत अजून? ये, मांडीवर बस. तू कापड धर, मी पाय चालवते.”

फोनवर राणीसाहेब म्हणाल्या, “ताई, परत लाव ना.”

सायंकाळी सेवा ठरल्या क्षणी बंद झाली. मी हार्डडिस्कची पडताळणी केली. दाढ, बँड, राणी, टेप, सारे सुखरूप! जे स्वतःच्या प्रेमापोटी उतरले नाही ते दुसऱ्याच्या रागापोटी उतरले होते. फक्त एक फोल्डर नव्हते: ‘गृहयंत्रणा, देखभाल व निरीक्षण.’ घरातल्या प्रत्येक यंत्राचे, खटक्याचे आणि बिजागरीचे मी निवृत्तीनंतर तयार केलेले सचित्र अहवाल. ते वाचावे असे कोणाला वाटले नव्हते, आणि पुसावे असेही कोणाला वाटले नव्हते!

हे मी हिला सांगितले. ती दोरा ओवता ओवता म्हणाली, “अहो, म्हणजे तुमच्यावर कोणाचाच राग नाही. चांगलंच आहे की!”

तिचे म्हणणे तर्कशुद्ध आहे. मी ते सर्व बाजूंनी तपासून पाहिले. चूक सापडली नाही. तरी त्या दिवशी जेवण गेले नाही.