गेनूतात्यांची रांग

रिकाम्या अंगणाकडे बघून "रांगेत या, रांगेत. ढकलाढकली करू नगा," असं दरडावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गेनूतात्या. आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव.

तात्यांना वेड लागलं होतं असं समजू नका. गावात तसं म्हणणारे होते, पण दुष्काळात तेही गाव सोडून गेले.

बीडजवळच्या पालीपासून आत, बिंदुसरा नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बीडच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि संस्थेत कॉम्प्युटर आला त्याच वर्षी ऑपरेटर म्हणून लागलो. ऑपरेटर सभासदाच्याच घरचा हवा, असा संस्थेचा ठराव होता. वडील सभासद होते, म्हणून मला ती खुर्ची मिळाली. तात्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. 'ए ग्रॅजुएट' म्हणायचे. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

कॉम्प्युटर येण्याआधी संस्थेचं यंत्र म्हणजे तात्यांचं नाक. किटलीचं झाकण उघडायचं, वाकून एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "लक्ष्मे, म्हैस आज सरकीवर हाय." शिवा नावाच्या एका गड्याला त्यांनी भर रांगेत विचारलं होतं, "बे शिवा, ह्यात पानी कोन्तं हाय, हापशाचं का टँकरचं?" शिवानं खाली मान घालून हापशाचं म्हणून सांगितलं. तात्या म्हणाले, मग चालंल, टँकरचं असतं तर मापात घेतलं नसतं.

मग फॅट मशीन आलं, काटा आला, कॉम्प्युटरचा पडदा आला. तात्या चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत यायचे. सत्कारात मिळालेली शाल त्यांनी मॉनिटरवर पांघरली. कुणी काही विचारलं की, "थांब, सिस्टीमला इचारतो," म्हणून आत यायचे, माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघायचे आणि बाहेर जाऊन सांगायचे, "न्हाई म्हनती." आतल्या खोलीत खडूस सासू बसलेली असावी, तसा त्यांचा सिस्टीमबद्दलचा सूर असे.

त्या सासूनं गाव बदलून टाकलं. पूर्वी रांग माणसं बघून लागायची. लेकरू घरी टाकून आलेली बाई पुढे, रिकामटेकडा मागे. सिस्टीम सभासदांच्या कोड नंबराच्या क्रमानं यादी दाखवायची, म्हणून रांगही कोडच्या क्रमानं लागायला लागली. सतरा आणि अठरा हे दोघं भाऊ बांधाच्या भांडणामुळे वर्षानुवर्षं बोलत नव्हते. रोज दोन वेळा एकामागे एक उभं राहून राहून शेवटी एकानं दुसऱ्याला तंबाखू मागितली. दहाच्या आतले कोडवाले स्वतःला खानदानी समजू लागले. एका लग्नपत्रिकेत तर आग्रहाचं निमंत्रण म्हणून 'कोड ४ आणि परिवार' छापून आलं. कोड चार म्हणजे खुद्द तात्या, पण त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, "गेनू लई असत्यात रं. कोड चार येकच."

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि अंगण ओस पडायला लागलं. जनावरं आधी चारा छावणीला गेली, मग बाजाराला. माणसं कोयता घेऊन उसावर गेली ती परत येईनात. पहाटे गावात घंटा वाजत नाहीत, शेणाचा वास येत नाही, हे कानाला आणि नाकाला जाणवायचं, आणि का कोण जाणे, पाऊल हळू पडायचं. सव्वाशे सभासदांपैकी दूध घालणारे सात उरले. त्याच साली माझे वडीलही गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

तालुक्याच्या दूध संघाचा नियम असा होता की, नव्वद दिवस ज्याचं दूध नाही त्याचा कोड सिस्टीम आपोआप काढून टाकते. पुन्हा सभासद व्हायचं तर नव्यानं अर्ज. आणि पंचवीसच्या खाली कोड उरले तर केंद्र बंद. काटा, मशीन, सगळं उचलून दुसऱ्या गावाला. एकदा गेलेलं केंद्र परत आलेलं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही.

आमचे कोड मात्र तिसाच्या खाली जाईनात.

दूध घटल्यावर मी सातला यायला लागलो होतो; ते सात जण त्यानंतरच दूध घेऊन यायचे. यायचो तेव्हा आठ-दहा पावत्यांच्या नोंदी झालेल्या असायच्या. अर्धा लिटर, अर्धा लिटर. माणसं कधी येऊन गेली ते दिसायचं नाही. अंगणातल्या फुफाट्यात फक्त एकाच्या चपला उमटलेल्या. नोंदीत कोड सतरा होता, आणि सतराच्या घराला कुलूप लागलेलं मी येताना पाहिलं होतं. मशीन आपोआप चालतं की काय, असं वाटून मी एकदा वायर काढून बघितली. मग माझ्या लक्षात आलं की सगळ्यांच्या दुधाची फॅट सहा पॉइंट आठ. दशांशालासुद्धा फरक नाही.

एक दिवस मी साडेपाचला गेलो आणि कुंपणापाशीच थांबलो.

अंगणात किटल्यांची रांग होती. गावाबाहेर गेलेले लोक आपल्या किटल्या तात्यांकडे ठेवून गेले होते, त्या कोडच्या क्रमानं मांडलेल्या. माणूस एकही नाही. तात्या आत खुर्चीवर बसून ओरडले, "सतरा." मग उठले, बाहेर आले, सतराच्या किटलीमागे उभे राहिले आणि खोकले. तो खोकला तात्यांचा नव्हता. साताऱ्याकडे ऊस तोडत असलेल्या माणसाचा खोकला मी आमच्या अंगणात ऐकत होतो. "फॅट कमी कावून लावता वो तात्या? आमची म्हस काय पानी देती व्हय?" तात्या आत गेले, खुर्चीवर बसले आणि आपल्या आवाजात उत्तर दिलं, सिस्टीम सांगती तेवढीच लावतो. मग अठरा. मग लक्ष्मीबाई, पदर खोचून, सुनेची तक्रार करत. दूध सगळं तात्यांच्या एकुलत्या एक म्हशीचं. कुणाचे नव्वद दिवस भरत आले ते बघून पाळी लावलेली.

मी पुढे गेलो. ते दचकले नाहीत. मी विचारलं, नुसता कोड दाबला तरी नोंद होते, मग हे आवाज कशाला?

तात्या किटली पुसायला लागले. "नुसता नंबर दाबला तर नंबर ऱ्हातो, मानूस ऱ्हात न्हाई. आन् घरी तरी बोलायला कोन हाय मला?" त्यांची मुलं चाकणला, बायको, म्हणजे आमच्या काकू, नातवंडांपाशी.

नियम मोडतोय हे मला कळत होतं. पण त्यानंतर मी रोज साडेसहालाच पोचू लागलो आणि शेवटचे दोन-तीन आवाज ऐकू लागलो. माझ्या वडिलांचा कोड एकतीस. यादीत तो आला की मी पान खाली सरकवायचो. बघवायचं नाही. त्यामुळे तो अजून यादीत कसा, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

मग संघाचे पर्यवेक्षक आले. हसतमुख माणूस. तुमच्या गावच्या म्हशी सगळ्या जुळ्या बहिणी आहेत काय, म्हणाले. तक्रार केली नाही, दंड केला नाही. अंगठ्याचं यंत्र बसवलं आणि गेले. उद्यापासून सभासदाचा अंगठा लागल्याशिवाय काटा सुरू होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच गेलो. तात्यांनी आधी स्वतःचा अंगठा ठेवला. 'ओळख पटली नाही.' पुसून ठेवला, थुंकी लावून ठेवला. सोड्याच्या पाण्यात कॅन धुवून धुवून त्यांच्या अंगठ्यावर रेघच उरली नव्हती. तात्या यंत्राकडे बघत राहिले. "म्हंजे मी बी न्हाई," एवढंच म्हणाले.

मी पडदा नीट वाचला. अंगठा उमटत नसेल तर ऑपरेटरनं स्वतःचा अंगठा लावून ओळख पटवायची, अशी सोय होती. तात्यांसाठी मी तो लावला. त्यात खोटं काही नव्हतं.

अंगणात त्या दिवशी एकच किटली होती, पोचे पडलेली. ती मी ओळखली. पडद्यावर लाल अक्षरात 'कोड ३१, शेवटचा दिवस' असं आलं होतं.

तात्या म्हणाले की, वडिलांचा कोड गेला तर ठरावाप्रमाणं तुझी खुर्ची जाते, वारस लावायचा तर दावणीला जनावर लागतं आणि तुझी दावण रिकामी. म्हणून नव्वद दिवस भरत आले की, तू यायच्या आधी, त्यांची नोंद मी एकदाच उरकून टाकायचो. "आज तुझ्या अंगठ्याबिगर व्हत न्हाई, ग्रॅजुएट. तू तिकडं तोंड कर पायजे तर."

मी तोंड फिरवलं नाही.

तात्या बाहेर गेले. किटली डाव्या हातात घेतली, उजवा खांदा थोडा पाडला आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले. मी खुर्चीवर बसायला लागल्यापासून वडील कधी आत आले नव्हते. मातीचे पाय घेऊन ते तिथंच उभे राहायचे.

"सायेब," तो आवाज आला, "आमचं बी घ्या. आन् तुमी भाकर खाल्ली का?"

पडदा विचारत होता, सदस्य समक्ष हजर आहे का. खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

मी हो दाबलं आणि अंगठा ठेवला. काटा सुरू झाला. पावती निघाली, ती मी उंबऱ्यापलीकडे दिली. तीस वर्षं सचिव राहिलेल्या तात्यांनी ती उलटी धरली, अक्षर न येणाऱ्या माझ्या वडिलांसारखी, ओळीवरून सावकाश बोट फिरवलं आणि घडी घालून टोपीत ठेवली.