जावई दारावरून गेला

घोडेगावच्या पंचायत समितीत घरकुलाच्या फायली सांभाळणाऱ्या जालिंदरनं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी 'नाही' म्हणायचं ठरवलं, आणि तेही थेट सासऱ्याला. पण ठरवलं म्हणजे ठरवलं.

कारणही तसंच होतं. मोसमातली पहिली सायकल शर्यत घोडेगावलाच झाली. चौथ्या किलोमीटरला एक सरपंच आडवे आले. "भाऊसाहेब, बरं सापडला. आमच्या फायलीचं कुठवर आलं?" पुढं फाट्यावर उपसरपंच, त्याच्या पुढं टपरीवर माजी सदस्य. ओळखीच्या माणसाला रामराम न करता पुढं जाणं जालिंदरच्या रक्तातच नव्हतं. तीन रामराम आणि दोन कप चहा उरकून तो शेवटच्या रेषेवर पोचला, तेव्हा हवा भरून उभी केलेली कमान घडी होऊन टेम्पोत चढली होती. बायकोनं, आशानं, तरी हौसेनं फोटो काढला. फोटोत जालिंदर, सायकल आणि मागं एक म्हैस आली.

त्याच्या सायकल संघाची कॅप्टन वृषाली शाळेत खेळ शिकवायची. तिनं पोरांना सांगावं तसं सांगितलं, "जालिंदरभाऊ, पुढच्या रेसला वेळेत आला नाहीत तर तुमी टेम्पोत बसायचं. केळी वाटायची."

चाळिशीतल्या माणसाला हे फार लागलं. त्या दिवसापासून त्यानं केळं खाल्लं नाही. रोज पहाटे उठून थंडीत सायकल दामटली. एकदा, फक्त एकदा, त्या कमानीखालून जायचं होतं.

दुसरी शर्यत होती जुन्नर ते आणे. साडेदहाच्या आत घाट चढून पठारावर पोचायचं. अडचण एकच. घाटाच्या पायथ्याला त्याची सासुरवाडी होती, आणि सासऱ्यांचं, नवसूनानांचं, घर अगदी डांबरी रस्त्याला लागून. जावई दारावरून न जेवता गेला, तर त्या घराला ती वर्षभराची बोलणी. म्हणून जालिंदरनं शर्यतीचा रस्ता घरात सांगितलाच नाही. पण पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आशापर्यंत आलंच.

"आईला फोन केलाय," ती म्हणाली.

"कशाला? मी थांबणार न्हाई."

"तुमी नका थांबू. नाना थांबवत्याल."

"हेल्मेटात मला वळखणार कसं?"

"सांगितलंय मी. निळा शर्ट, डोक्याला टोपडं, डोळ्याला काळा चष्मा."

जालिंदरला रात्रभर झोप नाही. पण रविवारी सकाळी जुन्नरला आयोजकांनी बत्तीसच्या बत्तीस जणांना एकसारखे निळे शर्ट वाटले, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आता घोळक्यात लपून जाता येणार होतं. फक्त घोळक्यात राहायला हवं होतं, आणि घोळका नारायणगावच्या आधीच दिसेनासा झाला.

तरी गडी हटला नाही. आळेफाट्याला कुणीतरी "ओ भाऊसाहेब" म्हणून ओरडलं. त्यानं मान वर केली नाही. बेल्ह्यात दोघांनी हात केला. त्यानं पुढच्या चाकावरची नजर काढली नाही. ओठावर आलेले रामराम त्यानं तसेच गिळले.

सासुरवाडीच्या वळणावर मात्र पुढच्या चाकासमोर मेंढरू आलं. मग दहा. मग सगळा रस्ताच मेंढरांनी भरलेला. पाठीवर लाल पट्टा, म्हणजे सासऱ्यांचीच. नवसूनाना दोनशे मेंढरं रस्त्यावर घालून आपल्याला अडवणार, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसरा कुणी असता तर उतरून उभा राहिला असता. पण जालिंदरचं लहानपण मेंढरांमागंच गेलेलं. त्यानं जीभ टाळूला लावून मेंढरांच्या वाड्यावरचा ठेवणीतला आवाज काढला, वर एक शीळ घातली, आणि मेंढरं मुकाट दोन्ही कडेला झाली.

अंगणातून सासूबाईंचा, रतनबाईंचा आवाज आला, "आवो, ह्यो बघा की, ह्यो हाय का?"

"ह्यो कुठला?" सासरे म्हणाले. "मेंढरातनं कसा गेला बघ. इथलाच कुणीतरी दिसतोय."

मटणाच्या रश्श्याचा वास आला. अंगणात बरीच माणसं बोलत होती, भांडी वाजत होती. जालिंदरला भडभडून आलं. बारा वर्षांत त्या दारावरून तो असा कधी गेला नव्हता. पण त्यानं चाकावरून डोळे उचलले नाहीत आणि घाटाला लागला.

घाटात पुढं कुणी नव्हतं. ते त्याला नेहमीचंच. मांड्या भरून आल्या, दोनदा वाटलं उतरावं. "केळी," तो स्वतःशीच म्हणाला, आणि पुन्हा पायडल मारलं.

आण्याला पोचला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. कमान भुईवर सपाट पडलेली होती. जालिंदर तिच्यासमोर पाय टेकून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. सासूचं तोंड चुकवलं, जन्माचे रामराम गिळले, आणि तरीही कमान गेलीच.

"ओ भाऊ, बाजूला व्हा," कमानीवरचा माणूस, गोरख, म्हणाला. "कमान उभी करायचीय. रेस यायचीय अजून."

"यायचीय?"

"रेसच्या पुढच्या गाडीवाल्याचा फोन व्हता. खाली समदे जेवत्यात म्हणं, तासभर लागंल. म्हणून मशीन बंद केलं. कशाला डिझेल जाळा?"

"मी रेसमधलाच हाय," जालिंदर म्हणाला.

गोरखनं त्याच्याकडं खालून वर पाहिलं. "मग तुमी का जेवला न्हाई?"

तेवढ्यात फोन वाजला. रतनबाई होत्या.

"जावई, कुठं हायसा? आवो, निळा शर्ट समद्यांचाच. तुमचे मामा म्हनले, समद्यांना बसवा, जेवताना टोपडी काढत्याल तवा जावई कळंल. एकतीस टोपडी निघाली, जावई काय निघाला न्हाई."

"मामी, मी वर पोचलो."

"न जेवता?"

त्या दोन शब्दांनी घाटापेक्षा जास्त धाप लागली. "आलोच," जालिंदर म्हणाला. "पण दहा मिनिटं द्या."

त्यानं गोरखला मशीन सुरू करायला लावलं. कमान डुलत डुलत उभी राहिली. जालिंदर शंभर पावलं मागं गेला आणि चढावर असल्यासारखा जोर लावून कमानीखालून गेला. गोरखनं वहीत नंबर आणि वेळ लिहिली, फोटोही काढला. जालिंदरनं तो लगेच घरी पाठवला. आशाचं उत्तर आलं: "कमानीखाली कुत्रं पण न्हाई. परत शेवटीच ना? असू द्या. या वक्ताला म्हैस तरी न्हाई."

त्यानं फोन खिशात टाकला. सायकल वळवली आणि घाट उतरायला लागला. अर्ध्या घाटात पोटं सावरत, ढेकर देत चढणारी शर्यत समोरून आली. पुढं वृषाली होती, हनुवटीला रश्श्याचा डाग.

"जालिंदरभाऊ, उलटं कुठं निघाला? रेस सोडली का?"

"न्हाई मॅडम, संपवली," जालिंदर ब्रेक न लावता म्हणाला. "आता सासुरवाडीला जेवायला चाललोय. तेवढी केळी तुमी वाटा."