चौथा खांदा

माणूस भेटला की जनूकाका आधी नजरेनं त्याचं वजन करायचे. बोईसरला मी खोली घेतली त्याच दिवशी शेजारच्या ओट्यावरून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत बायकोला ओरडून सांगितलं, "हलका हाय गो! चौघं कशाला, दोघांत जाईल!"

कुठं जाईन, ते मला आठवड्यानं कळलं. स्मशानात.

काका मूळचे केळव्याचे. स्टेशनबाहेर नारळ विकणं हा धंदा आणि तिरडीला खांदा देणं हा नाद. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तशी कुठून कुठून माणसं बोईसरात येऊन पडली. मीही त्यातलाच, साताऱ्याकडचा, गोदामातला कारकून. माणसं आली, पण भाऊबंद गावीच राहिले. इथं कुणी गेलं की खांद्याला चौघं जमवताना मारामार. काका मात्र न बोलावता हजर. रस्त्यात एखादा लठ्ठ शेट दिसला तर तोंडावर सांगायचे, "शेट, भात कमी करा. आमच्या खांद्याचा इचार करा जरा!"

अशा माणसाचं देवानं मोडावं काय, तर उजवा खांदा. देवाला थट्टा कळते, पण कुजकी.

हात छातीच्या वर जाईना. त्या कुशीवर झोपवेना. सदरा घालताना काका असे ओरडायचे की अर्धी आळी गोळा व्हायची. बेटेगावच्या एका चोळणाऱ्यानं हात धरून असा हिसडा दिला की जात होता तेवढाही हात वर जाईना. शेवटी मीच त्यांना पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं.

"हाड शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "कंडरा दुखावलीय. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते ना, ती. ओझं उचलायचं नाही, हिसडा द्यायचा नाही. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडेल. वाकून हात लोंबता सोडा, हळूहळू झुलवा. मग भिंतीवर बोटं चढवत न्या. दुखलं की थांबा. महिने लागतील."

"महिने?" काकांचा चेहरा पडला. "घरात बायको आजारी हाय ओ."

काकींनी दम्यानं अंथरूण धरलेलं. मूलबाळ नाही. काकांनी त्यांना शब्द दिला होता, "मडकं पुतण्या धरील, पुढचा दांडा माजा." मग रोज सकाळी भिंतीवर बोटं चढायची आणि आतून काकी विचारायच्या, "कुठवर गेला?"

"हनवटीपर्यंत."

"मंग थांबते मी अजून."

काका केळव्याची वाळू तव्यावर तापवून पुरचुंडी बांधून आणायचे आणि काकी पडल्यापडल्या त्यांचा खांदा शेकायच्या. हात कानाशी आला तेव्हा काकांनी सगळ्या आळीला शहाळी पाजली.

आणि मराठवाड्याकडचा एक गवंडी तापानं गेला. त्याच्या खोलीतला सोबती, एक हिंदी बोलणारा वेल्डर आणि मी, झालो तिघं. चौथ्यासाठी मी दार न् दार ठोठावलं. कुणाची शिफ्ट, कुणाची कंबर, कुणाचा सासरा आलेला. मेल्यांना रोज पत्ते कुटायला बरी सवड मिळायची!

काका ओट्यावरून उतरले.

"काका, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डाक्टर येतो का चौथा?"

त्यांनी डावा खांदा दिला. पण तिरडी जमिनीवरून उचलताना दोन्ही हात लागतातच. काका कळवळले, चेहरा पांढरा पडला, तरी स्मशानापर्यंत त्यांनी दांडा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा छातीखाली. काकींनी त्या सकाळी काही विचारलं नाही. नुसती वाळू मागितली.

पंधरवड्यात काकी गेल्या.

आणि काय सांगू, सगळं बोईसर लोटलं! त्या दिवशी कुणाला शिफ्ट नव्हती. खांदा द्यायला नुसती रेटारेटी. बायकोला डावा हात कसा लावायचा, म्हणून काका उजवा हात वर करायला बघत होते, तो जाईना. "दांडा जरा खाली घ्या रे," ते म्हणत होते, "नुसता हात लावतो." पुढचे ताडमाड गडी आपल्याच नादात. एकजण खेकसला, "काका, बाजूला व्हा, पायात येता!" मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. काका बाजूला झाले आणि सगळ्यांच्या मागून चालत आले.

तेराव्यानंतरच्या सकाळी बघतो तर काका ओट्यावर वाकलेले, हात लोंबता, हळूहळू झुलवताहेत.

"आता कशासाठी, काका?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "तू घाटावरला. तुला हितं कोण हाय?"

"अहो, मी तुमच्याहून तीस वर्षांनी लहान आहे!"

"मंग घाई नाय," काका म्हणाले. "तवर जाईल हात वर."

मला हसायचं होतं, जमलं नाही. मी त्यांच्या घरात गेलो आणि तव्यावर वाळू तापत ठेवली.