पोहणं आलं

बाळांनो, एका जंगलात एक ओढा होता आणि त्यावर एक ओंडका आडवा टाकलेला होता. त्यावरून सगळे ये-जा करायचे. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी घसरून वाहून जायचं. मग त्याच्या घरी बरेच दिवस चुकून एक पान जास्त मांडलं जायचं.

वाघमहाराज कनवाळू होते. म्हणाले, "सगळ्यांना पोहायला शिकवा."

बगळेमास्तरांनी धडे मोबाइलवर टाकले. पण नेट असं, की मास्तरांनी सकाळी उघडलेली चोच दुपारपर्यंत उघडीच राहायची.

मग महाराजांनी टॉवर बसवला. नेट सुसाट झालं. डोळा मिटून उघडेपर्यंत सगळे धडे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये.

"पोहणं आलं का?" कोल्हेप्रधानांनी विचारलं.

सगळ्यांनी मोबाइल बघितले. "आलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. चित्रंसुद्धा आली."

"सगळ्यांना पोहणं आलंय, तर ओंडका कशाला?" महाराज म्हणाले. त्यांनी तो काढून टॉवरला टेकू दिला.

दुसऱ्या दिवशी ठिपकी नावाची सशाची पोर पलीकडच्या गवतासाठी ओढ्यात उतरली. पाण्याला ओढ होती. ठिपकी गटांगळ्या खाऊ लागली.

तिचा धाकटा भाऊ कुर्डू उडी मारायला धावला. काठावरच्या कासवआजोबांनी त्याचं शेपूट धरलं.

"तुला पोहणं येतं?"

"आलंय की. हे काय, मोबाइलमध्ये."

"मग तू कशाला जातोस? तेच तिला ऐकव."

कुर्डूने आवाज मोठा केला. बगळेमास्तर लगेच बोलू लागले, "मान वर. मागचे पाय बेडकासारखे झाडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे..."

"म्हणजे काय?" ठिपकी ओरडली.

"जाहिरात लागली, ताई. गाजरहलव्याची."

"बंद कर ती."

"ती आपली आपण संपते. तू तोवर पाय झाड."

ठिपकीने पाय झाडले. रागाने जरा जास्तच झाडले.

"...ओढीशी भांडू नका," मास्तर पुढे म्हणाले, "तिरके तिरके काठाकडे या."

ठिपकी तिरकी तिरकी आली आणि काठाला लागली. बाहेर आल्या आल्या तिने कुर्डूचा कान पिळला.

"मी बुडतेय आणि तू हलवा बघत होतास?"

"समोर आला, तर बघितला."

असं म्हणून कुर्डू तिला जो चिकटला, तो सोडेचना.

"सोड आता, भिजशील."

"भिजू दे."

तेवढ्यात महाराज आले. "काय गं, पोहणं आलं का?"

"आत्ता आलं, महाराज."

महाराज खूश झाले. "बघा, नेटने किती पटकन शिकता येतं. पुढच्या महिन्यात सगळ्यांना वणवा विझवायला शिकवू. प्रधानजी, काडेपेट्यांची सोय करा."

तात्पर्य : वेगवान नेट असलं की शिक्षण पटकन होतं. फक्त शिकणाऱ्याने बुडायला लागलं पाहिजे, आणि काठावर त्याचं कुणीतरी पाहिजे.