धावपट्टी आहे तशी

श्रावण तायडेनं सकाळी धावपट्टीवर पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला. धावपट्टी स्वच्छ होती.

एरवी ती कधीच अशी नसे. अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या त्या गावाला सपाट, गुळगुळीत, धूळ नसलेली अशी एकच जागा होती, आणि ती नेमकी सरकारनं विमानांसाठी बांधली होती. विमानं काही रोज येत नसत; ऊन मात्र रोज येई. त्यामुळे चैत्र लागला की एका टोकाला कुरडया, मधे मिरच्या, पलीकडे तुरीची डाळ अशी पट्टीची वाटणी होई. वाळवणावर बशीरभाईच्या बकऱ्यांचा डोळा, बकऱ्यांवर बायकांचा, आणि या सगळ्यांवर श्रावणचा. पट्टीची देखरेख ही त्याची सरकारी नोकरी.

त्या वर्षांत कापसानं वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं होतं आणि ते मोडलेलं कंबरडं पाहायला मोठमोठी माणसं विमानानं येत. विमानाची खबर आली की श्रावण मोटारसायकलीचा भोंगा वाजवत पट्टीभर फिरे. मागं एकदा जाईबाईच्या कुरडया उचलून होईपर्यंत एका पुढाऱ्याचं विमान वर घिरट्या घालत राहिलं. उतरल्यावर पुढारी म्हणाले, जिल्ह्याची पाहणी वरूनच छान झाली. तेव्हापासून डोळा लागला की श्रावणला बकरी आणि विमान समोरासमोर दिसत.

त्याला तारेचं कुंपण हवं होतं. फार वर्षं मागितल्यावर विमानसुरक्षेच्या कचेरीतून उत्तर आलं. आधी एक अधिकारी येऊन पट्टी आज जशी आहे तशी पाहील आणि धोके नोंदवील. पुढची सगळी सुधारणा या पहिल्या नोंदीवरून मोजायची. धोका दिसला तर कुंपण, नाही दिसला तर प्रकरण बंद.

म्हणून श्रावण घरोघर जाऊन सांगून आला होता, "उद्या मॅडम येऊन राहिल्या. रोजच्यासारखेच या. काही झाकू नका."

गावानं माना डोलावल्या. पण साहेब येणार आणि त्याला आहे तसं दाखवायचं, हे तिकडं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. काळजीनं श्रावणचं डोकं फिरलं आणि आता त्याची नोकरी आपणच वाचवायची, असं गावानं ठरवलं. उजाडताच पट्टी झाडून झाली, पट्टीच्या कचेरीपुढं रांगोळी निघाली. झाडूवाल्यांची पुढारी श्रावणची बायको, मनकर्णा.

श्रावण बशीरभाईकडे धावला. बकऱ्या कोंडलेल्या.

"बशीरभाई, बकऱ्या सोड."

"कुठी?"

"पट्टीवर."

बशीरभाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "सालभर तू मले शिव्या देत आला, बकऱ्या आवर म्हणून. आन आज साहेबाच्या रोजी सोडू? दुश्मन समजला का मले?"

"अरे भाई, आज दिसल्या तरच तार भेटते."

"तार भेटली तं माया बकऱ्या चरतीन कुठी?"

श्रावणनं नुसते हात जोडले. तरी दोस्तीखातर बशीरभाईनं एक बकरी सोडली. त्यातल्या त्यात शहाणी.

श्रावण तिला हाकत पट्टीच्या मधोमध नेतो न नेतो तोच जीप आली. गावकऱ्यांना बकरी दिसली. चौघं धावले, बकरी उचलली गेली, आणि निखत मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा ती बशीरभाईच्या कडेवर होती.

"ही कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"पाव्हणी हाय, मॅडम. सोयऱ्यायकडून आली. अठी बकऱ्या नसतेच."

"इथं जनावरं येतात?"

"नाई जी," सगळे म्हणाले.

"माणसं?"

"नाई जी. आमाले तं रस्ताबी माहीत नाई."

"मॅडम, येतात. रोज येतात," श्रावण कळवळून म्हणाला. "मीच हाकलतो."

"याले ऊन लागलं," बशीरभाईनं हळूच सांगितलं. "मानूस चांगला हाय."

मॅडम पट्टीभर फिरल्या. धोका एकही नाही. त्या लिहीत गेल्या तसतशी श्रावणच्या डोळ्यांसमोरून तार एकेक खांब मागं सरकत गेली.

पट्टीच्या कचेरीत चहा आला. मॅडम म्हणाल्या, "साखर कमीच टाकली न? आमच्या बार्शीटाकळीत पाक पाजतात."

एवढ्या एका वाक्यानं गाव सैल झालं. साहेब नव्हे, ही तर इकडचीच लेक. लेक मोकळ्या हातानं कशी धाडायची? जाईबाई घरी जाऊन पिशवी घेऊन आली.

"कुरोड्या हायेत, माय. तळल्या का फूल होते."

"किती पांढऱ्या हो, मावशी. आमच्या अम्मीच्या कधी अशा होत नाहीत."

"तुया अम्मीजवळ विमानाची पट्टी हाय का?" जाईबाई अभिमानानं म्हणाली. "छतावर माती बसते. अठी डांबरावर एका उन्हात कडक. मले मातर शेवटची जागा लागते, मधातल्या मिरचीवाल्या लय भांडतात."

"आमी नाई भांडत," मिरचीवाली म्हणाली आणि तिनं तिखटाची पुडी पुढं केली. डाळवालीनं डाळ आणली. आपण मागं राहू नये म्हणून बशीरभाई दुधाचा लोटा घेऊन आला. "पट्टीच्या गवतावरचं हाय, मॅडम. म्हणून गोड."

मॅडमची लेखणी पुन्हा चालू लागली होती. ती पाहून आपण काय बोलून बसलो, ते एकेकाच्या ध्यानात आलं. मनकर्णानं पदर डोळ्याला लावला. नवऱ्याची नोकरी गावानं आपल्या तोंडानं घालवली. तेवढ्यात श्रावण हसायला लागला आणि थांबेचना. ऊनच लागलं, यावर आता कोणाचं दुमत राहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी कुंपण उभं राहिलं. गवत कापून न्यायची परवानगी मिळाल्यावर बशीरभाईचाही राग गेला. श्रावणला गाढ झोप लागू लागली.

चैत्रात एका सकाळी मनकर्णा त्याच्यापुढं चहा ठेवत म्हणाली, "लय बेस काम केलं तुमी. आता बकऱ्या नाई, कुत्रे नाई. काठी घेऊन राखत बसाचं काम नाई. शेजारच्या गावच्या बायाबी येतो म्हणते वाळवण घेऊन."

श्रावणनं घाईनं खिसा चाचपला. कुंपणाच्या फाटकाची चावी तिथं नव्हती.

"मंगाच देली जाईबाईले," मनकर्णा म्हणाली. "तुमी झोपले होते, उठवाव नाई वाटलं."