बेलझरीचं एक तिकीट

सेलूहून निघणाऱ्या एसटीत देवरावजी कंडक्टरकडे बेलझरीचं तिकीट मागतात. बेलझरीत कोणी राहत नाही. सरकारदप्तरी ते 'रीठ' आहे, म्हणजे उठून गेलेलं गाव. कंडक्टर पुढच्या थांब्याचं तिकीट फाडतो. ड्रायव्हर मात्र गाडी बेलझरीलाच उभी करतो.

देवरावजी माझे शेजारी, निवृत्त चित्रकला मास्तर. समोरच्याला आधी गाव विचारतात, मग त्याचा अर्थ सांगतात. पिपरीवाल्याला पिंपळ, सिंदीवाल्याला शिंदीची झाडं. 'ग्रीन पॅराडाइज' नावाने शेतात प्लॉट पाडणाऱ्या बिल्डरला त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "हे कोनतं झाड जी?"

"नावाले हाक पाह्यजे," ते म्हणतात. "नाई तं ते भुतावानी दुसऱ्याले धरते."

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत गेलो. तुरीच्या शेतापलीकडे घरांच्या जोत्यांचे दगड होते, शेंदराचा मारुती होता, कोरडी झरी होती. बेलाचं झाड एकही नव्हतं. दिवस मावळत होता. देवरावजींनी गावाचं नाव घेऊन हाक मारली. पाखरं गप्प झाली. त्यांनी दुसरी हाक मारली, मग तिसरी.

"मावळतीले पहिल्या हाकेले ओ देऊ नये," ते हळूच म्हणाले. "एक हाक कोनीबी मारते. तीन हाका मानूसच मारते."

ते कान देऊन उभे राहिले. वारा नव्हता, तरी तुरीच्या वाळल्या शेंगा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत वाजत गेल्या.

कोण ओ देणार, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते एवढंच: झरी आटली तेव्हा ते लहान होते, गाव उठलं, ते सेलूत वाढले. लग्न झालं. बायको रिवाजाप्रमाणे नवऱ्याचं नाव घेत नसे, गावावरून हाक मारी. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"बाकी सारे मले मास्तर म्हनतात," ते म्हणाले. "ते नाव तिच्याच तोंडी होतं."

रस्त्याकडे परतताना ते पुढे चालत होते. अंधारात त्यांचं फक्त धोतर दिसत होतं.

"बेलझरीवाले," मी हाक मारली.

ते थांबले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. पाऊल किंचित अडखळलं, पण ते चालत राहिले.

तिसऱ्या हाकेला ते उभे राहिले आणि मागे न वळता म्हणाले, "ओ."